पत्रा आधी, पिकअप नंतर : गोव्यात घरच्या अंगणात जुनी जपानी गाडी उभी करताना

माझ्या पहिल्या गाडीच्या मागच्या चाकावरचा पत्रा मेस्तानं (आमच्याकडचा मिस्त्री) स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून पाहिला. ठण्ण असा आवाज यायला हवा होता, तिथे थप्प आला. पुन्हा ठोकलं तर मूठ आत गेली आणि तळहाताएवढा तुकडा खाली पडला. वर पुट्टी, तिच्याखाली जाळी, जाळीमागे वर्तमानपत्राचा बोळा. मेस्त हसलासुद्धा नाही. "हांगा पत्रो खंय आसा?" इथे पत्रा आहे कुठे, एवढंच त्यानं विचारलं. तोवर मी त्या गाडीसाठी मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट, अलॉय व्हील आणि छोटं स्टिअरिंग घेऊन पडवीत मांडून ठेवलं होतं.

ज्यांच्याकडे वर्कशॉप नाही, पण पडवी आहे, शनिवार-रविवार आहेत आणि डोक्यात एखादी जुनी जपानी गाडी फिरते आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी ज्या क्रमानं चुकलो, त्याच्या उलट क्रमानं.

कोणती गाडी

आधी एक कबुली. जपानी स्पोर्ट्स कार म्हटलं की स्कायलाइन, सुप्रा, आरएक्स-७ आठवतात. आपल्याकडे त्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्या काळात इथे त्या विकायला आल्याच नाहीत, आणि वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी असली की सर्वसाधारण आयात नियमांत बसत नाही. म्हणून आपल्याकडचे हौशी लोक ज्यांच्यावर हात साफ करतात त्या गाड्या दिसायला साध्या, चार दारांच्या: १९९८ मध्ये आलेली होंडा सिटी, त्याच वर्षीची मित्सुबिशी लान्सर, १९९९ ची मारुती बलेनो. सिटीची १.५ व्हीटेक (वेगानुसार व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारं इंजिन) आवृत्ती यांत सगळ्यात लाडकी. ताकद सुमारे १०६ अश्वशक्ती, वजन टनाच्या आसपास, आणि वरच्या आरपीएमला इंजिनाचा सूर बदलतो तो ऐकायला माणसं अजून गाड्या शोधत फिरतात.

पहिलीच गाडी असेल तर सिटी घ्या. तिचं डी-मालिकेचं इंजिन जगभर सिव्हिकमध्ये बसलं, त्यामुळे माहिती आणि सुटे भाग दोन्ही मिळतात. बॉनेटखाली हात घालायला जागा आहे. लान्सर तिघींत देखणी, पण तिचे भाग गोळा करता करता नव्या माणसाचा उत्साह संपतो. पुढची सगळी उदाहरणं मी सिटीचीच देतोय; बाकीच्या गाड्यांना आकडे वेगळे, रीत तीच.

आता गोव्यातली गाडी घ्यावी की बाहेरची? दिल्ली परिसरात १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर आधी हरित लवादानं आणि मग सर्वोच्च न्यायालयानं निर्बंध आणले, तेव्हापासून तिकडच्या बऱ्याच गाड्या एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) घेऊन बाहेरच्या राज्यांत गेल्या. तिकडची हवा कोरडी. गाडीचा डॅशबोर्ड उन्हानं तडकलेला असतो, दारांची रबरं वाळून कडक झालेली असतात, पण खालून पाहिलं तर पत्रा शाबूत. कळंगुट किंवा कोलव्याच्या बाजूला वाढलेल्या गाडीचं नेमकं उलट: आत सगळं छान, खाली चाळण. मी डोळे झाकून दिल्लीकडची घेईन. रबर बाजारात मिळतं.

कागद

हे कंटाळवाणं आहे, म्हणून थोडक्यात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी फॉर्म २५ भरून गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, परराज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी आणि गोव्याचा रस्ता कर वेगळा. पैसे देण्याआधी इंजिन आणि चासी क्रमांक आरसीशी (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राशी) स्वतः ताडून पाहा. आमच्याकडच्या दमट हवेत चासी क्रमांकाच्या पट्टीवरही गंज चढतो. तो नुसत्या फडक्यानं आणि तेलानं साफ करा. कुणालाही तिथे ग्राइंडर लावू देऊ नका. अंक पुसले गेले की ती गाडी कायद्याच्या दृष्टीनं कुणाचीच नाही.

बघायला जाताना

सकाळी जा, आणि "येण्याआधी चालू करू नका" असं मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दोन तास थांबायची तयारी ठेवा किंवा परत फिरा, कारण थंड इंजिनच खरं बोलतं. पहिल्या सेकंदाला निळा धूर, टॅपेटची टकटक, लांबलेलं क्रँकिंग (चालू होण्याआधी स्टार्टर फिरत राहणं), हे सगळं गरम इंजिनात लपतं.

सोबत रुमालात गुंडाळलेला छोटा चुंबक, विजेरी आणि जाड मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर. मागच्या चाकांवरच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, जॅक लावायच्या जागा, डिकीत स्टेपनीखालचा खळगा आणि पुढच्या शॉकअपची वरची बैठक या पाच ठिकाणी चुंबक फिरवा. चिकटला नाही की तिथे पुट्टी आहे. पुढच्या सीटखालचं कार्पेट उचला आणि खालच्या नमद्यावर हात दाबा. ओलं लागलं तर पाणी कुठून तरी येतंय, आणि ते बरीच वर्षं येतंय. कमानी आणि दारं दुरुस्त होतात. शॉकअपची बैठक किंवा लांब आडवे चॅनेल खाल्लेले असतील तर गाडी फुकट मिळाली तरी नको.

जागा, हत्यारं आणि चिरे

आपल्याकडे कोणत्याही आवारात चार चिरे, म्हणजे जांभ्या दगडाचे ठोकळे, पडलेले असतातच, आणि गाडी जॅकवर उचलली की हात आपोआप त्यांच्याकडे जातो. चिरा घर पेलतो, कारण तिथे वजन सगळीकडून सारखं येतं. एका टोकावर भार आला की तो न सांगता फुटतो, पावसात भिजलेला तर हमखास. गाडीखाली जाण्यासाठी जॅक स्टँडच (लोखंडी टेकू) हवेत, चार, चांगल्या दर्जाचे, आणि त्यांच्याखाली सिमेंटची जमीन. मातीचं अंगण असेल तर जाड फळ्या. गाडीखाली शिरताना काढलेलं चाक आडवं करून तिच्याखाली सरकवून ठेवायची सवय लावा. ही सवय मला एका म्हाताऱ्या मेस्तानं ओरडून लावली.

हत्यारांत १० ते १९ पर्यंतचे रिंग पाने आणि गोट्या (सॉकेट), टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानंच बोल्ट आवळायचा पाना), मल्टिमीटर, आणि गंजलेल्या बोल्टांसाठी धीर. त्या बोल्टांवर आदल्या रात्री भेदक तेल मारून ठेवा. टॉर्क रेंच नव्या माणसाला चैन वाटते. पण इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, आणि हातानं "अजून जरासा" पिळलेला एक बोल्ट आटे घेऊन बाहेर येतो. आग विझवायचं सिलिंडर दाराशी लावा. पेट्रोल उघडं असताना तुळशीपुढचा दिवासुद्धा नको.

काहीही उघडण्याआधी फोटो काढा, मग काढलेल्या प्रत्येक गटाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, वर मार्करनं नाव. "लक्षात राहील" असं वाटतं. सहा महिन्यांनी चवथीची साफसफाई होते, आई सगळ्या पिशव्या एका डब्यात ओतते, आणि मग काही राहत नाही.

पावसाप्रमाणे वेळापत्रक

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, बहुतेक जून ते सप्टेंबरात. त्यामुळे काम गाडीच्या नव्हे, आभाळाच्या सोयीनं आखावं लागतं. दिवाळीनंतर शिगम्यापर्यंत पत्रा आणि रंग. पावसाळ्यात पडवीत बसून करायची कामं: वायरिंग, रिले, सीट, डिस्ट्रिब्यूटर, ब्रेकचे कॅलिपर. मी हे उलटं केलं होतं. जुलैत कमान घासून चकचकीत केली, "उद्या प्रायमर मारू" म्हणून झोपलो आणि सकाळी पाहिलं तर सगळ्या पत्र्यावर चहाच्या रंगाची साय.

पत्रा

गंज गाडीला बाहेरून लागतो असं वाटतं. खरं तर तो आतून बाहेर येतो. समुद्रावरच्या हवेतलं मीठ पत्र्यावर बसतं, हवेतली ओल ओढून घेतं आणि पत्रा सुकूच देत नाही. त्यात आपली तांबडी माती. डिचोली-सत्तरीच्या रस्त्यांवरची बारीक लाल धूळ चाकाच्या कमानीच्या आतल्या ओठात साचते, दर पावसात भिजते आणि ओल्या फडक्यासारखी तिथे पडून राहते. तिसरं कारण, तुंबलेली भोकं. दारांच्या आणि खालच्या चॅनेलच्या तळाला पाणी निघून जायला बारीक छिद्रं असतात. कुणीतरी हौसेनं खालून जाड काळं कोटिंग मारतो, ती बुजतात, आणि दार पाण्याची बादली होतं.

म्हणून पहिलं काम धुण्याचं. कमानीच्या आत बोट घालून माती काढा, पाइपनं धुवा, छिद्रं तारेनं मोकळी करा, दोन दिवस उन्हात सुकवा. मग तारेच्या ब्रशनं आणि ग्राइंडरच्या फ्लॅप चकतीनं चांदीसारखा पत्रा दिसेपर्यंत घासा. घासताना गंजाची सीमा बाहेर बाहेर सरकते. रुपयाएवढा फुगा बशीएवढा होतो. घाबरू नका, तो आधीपासूनच बशीएवढा होता.

आता निर्णय. पत्र्यावर नुसते खड्डे असतील तर फॉस्फोरिक आम्लाचं गंजरोधक द्रव लावा, सांगितलेला वेळ ठेवा, पुसून सुकवा. भोक असेल तर कापायचं. निरोगी पत्रा लागेपर्यंत कापायचं आणि त्याच जाडीचा तुकडा वेल्ड करायचा. फायबर, जाळी, पुट्टी यांनी भोक बुजवणं म्हणजे माझ्या वर्तमानपत्राच्या बोळ्याचीच सुधारलेली आवृत्ती. वेल्डिंग घरी शिकू नका, निदान या गाडीवर नको. पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली आहे आणि मागची कमान तिथून हातभर अंतरावर. घासणं, कापायच्या रेषा आखणं, आतलं कार्पेट आणि सीट काढणं, बॅटरी सोडवणं हे तुम्ही करा. वेल्डिंगला टिंकरिंगवाल्याकडे न्या. त्यालाही साफ पत्रा मिळाला की तो खूष, आणि मजुरी अर्ध्यावर येते. सीओटू वेल्डिंग करणारा शोधा. गॅसच्या ज्योतीनं पातळ पत्रा मोठ्या भागात तापून वाकतो.

वेल्ड घासून झाल्यावर त्याच दिवशी, शक्यतो त्याच दुपारी, दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर. साधा राखाडी प्रायमर पाणी शोषतो, तो या हवेत एकटा पुरत नाही. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर असेल तर मारू नका. डिसेंबरातसुद्धा पहाटे पत्रा दवानं ओला असतो, म्हणून अकरा ते तीन ही वेळ बरी. प्रायमरवर सांध्यांना सीम सीलर, त्यावर रंग. दोन घटकांच्या रंगात हार्डनर असतो, त्यात आयसोसायनेट असतात. ते फुप्फुसाला कायमचं दुखणं लावू शकतात, आणि कापडी किंवा कागदी मास्क तिथे कुचकामी. शेवटचा रंग मी बूथमध्येच मारून घेतो. अंगणात मारला तर त्यावर फणसाच्या झाडावरचे किडे चिकटतात ते वेगळंच.

सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक लोक विसरतात ते: कमानीच्या, दारांच्या आणि चॅनेलच्या पोकळीत आतून मेणाचा फवारा. छिद्रांतून बारीक नळी घालून मारता येतो. बाहेरचा रंग शेजाऱ्यांसाठी. गाडी टिकते ती या मेणानं.

थांबण्याची सोय

पत्रा झाल्यावर चावी फिरवायचा मोह होतो. थांबा. ब्रेकचं ऑइल हवेतली ओल शोषतं. जुनं ऑइल तापलं की त्यात वाफ होते आणि चोर्ला घाट उतरताना पेडल जमिनीला टेकतं. सगळं बदला. रबरी ब्रेक होस आतून फुगलेले असतात, तेही नवे घाला. कॅलिपर सोडवून पिस्टनवर गंज आहे का बघा. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायचा क्रम मॅन्युअलमध्ये दिलाय तोच ठेवा. एकानं पेडल मारायचं, दुसऱ्यानं चाकाजवळचं हवा सोडायचं निपल उघडायचं. यासाठी घरातला धाकटा भाऊ उत्तम, त्याला रस नसला तरी.

टायरच्या कडेला चार अंक असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही उभी असो, पाच-सहा वर्षांवरचा टायर कडक होतो आणि आपल्या पहिल्या पावसाच्या चिखल-तेलात साबणासारखा सरकतो.

इंजिन

जुनी सिटी घेतली की मागच्या मालकाचं "बेल्ट आत्ताच बदललाय" हे वाक्य ऐकून न ऐकल्यासारखं करा. टायमिंग बेल्ट तुटला तर या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड उघडावं लागतं. बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप आणि समोरचे ऑइल सील एकाच वेळी बदला. उघडण्याची मेहनत एकदाच. दोन गोष्टी लक्षात ठेवा. हे इंजिन पुलीच्या बाजूनं पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून हातानं फिरवतानाही तसंच फिरवायचं. आणि क्रँक पुलीचा बोल्ट सोडवायला काही लोक पान्याचा दांडा जमिनीला टेकवून स्टार्टर मारतात, ती युक्ती इथे लावू नका. उलट फिरणाऱ्या इंजिनात तो बोल्ट त्यानं आणखी आवळला जातो. पुली धरायचं खास हत्यार आणि लांब दांडाच लागतो.

टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली फट थंड इंजिनातच बघायची. या मालिकेत साधारण इनटेकला ०.१८ ते ०.२२ आणि एक्झॉस्टला ०.२३ ते ०.२७ मिलिमीटर, तरी तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम. फट मोजायची फीलर पट्टी किंचित ओढ लागून सरकली पाहिजे.

मग एक तक्रार जी तुम्हाला कधी ना कधी भेटेल. दुपारी उन्हात गाडी उभी, परत आल्यावर क्रँक होते पण चालू होत नाही, तासाभरानं काही न करता चालू. लोक पंप बदलतात, प्लग बदलतात. चावी ऑन केल्यावर मागून पेट्रोल पंपाचा दोन सेकंदांचा गुणगुण आवाज येतो का ऐका. येत नसेल तर पंपाला वीज पोचवणारा डॅशबोर्डखालचा मेन रिले उघडा. वीस-पंचवीस वर्षांच्या उष्णतेनं आतल्या सोल्डरला भिंगातून दिसतील असे गोल तडे गेलेले असतात. सोल्डरिंगनं पुन्हा जोडा. काम पाऊण तासाचं. बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी या अर्थच्या तारा सोडवून, टोकं घासून, ग्रीस लावून पुन्हा आवळा. दमट हवेत निम्मी विजेची भुतं तिथेच राहतात.

पेट्रोलचं वेगळं प्रकरण. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. या गाड्या त्यासाठी बनल्या नव्हत्या. जुने रबरी फ्युएल होस इथेनॉलनं मऊ पडून पाझरतात, म्हणून इथेनॉल चालणारेच नवे घाला. इथेनॉल पाणीही ओढतं. अर्धी टाकी ठेवून जून ते चवथीपर्यंत गाडी उभी केली की टाकीच्या तळाशी पाणीमिश्रित थर बसतो. टाकी भरलेली ठेवा आणि दर आठवड्याला इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवा. नुसतं अंगणात पाच मिनिटं चालू ठेवण्यानं सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, दुसरं काही होत नाही.

सुटे भाग म्हापशाला-मडगावला मिळाले नाहीत तर बेळगाव, मग मुंबईत कुर्ला, बंगळूरचा जे. सी. रोड, दिल्लीचं काश्मिरी गेट. बेल्ट, ब्रेक आणि सील भंगारातले कधीच नकोत. दरवाजाचं हँडल, काचेची मशीन, ट्रिम खुशाल घ्या.

मग मॉडिफिकेशन

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच उचलून धरलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची आधी परवानगी, रंग बदलला तर आरसीवर नोंद. माझा पडवीतला एक्झॉस्ट तपासणीला चालला नसता, म्हणून विकून टाकला. त्या पैशांत चार शॉकअप आणि सस्पेंशनचे सगळे बुश (रबरी सांधे) आले.

खरं सांगायचं तर गाडी बदलली ती तेव्हा. चांगले टायर, नवे बुश, ताजे शॉकअप, बरे ब्रेक पॅड आणि नीट अलाइनमेंट, एवढ्यावर ही गाडी अनमोडच्या वळणांत पूर्वी कधी चालली नसेल तशी चालते. फार खाली बसवू नका. आपल्या गावागावातले स्पीडब्रेकर कुठल्याही मापात बसत नाहीत, आणि सम्प (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) फुटला तर ऑइल रस्त्यावर.

बंपरमागे खाली फिल्टर नेणारी थंड हवेची नळी बसवलीच तर ती पावसाळ्याआधी काढा. तुंबलेल्या रस्त्यात फिल्टर पाण्यात बुडाला की सिलिंडरमध्ये पाणी जातं, पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मूळ एअर बॉक्स वर बसवलाय तो यासाठीच. त्यात चांगला फिल्टर घाला, काम झालं. टर्बोबद्दल विचारणारे मला दर महिन्याला भेटतात. त्यांना मी आधी मागची कमान ठोकून दाखवा म्हणतो.

पहिला पावसाळा

मेअखेरीस काचेखालच्या जाळीतली सुकी पानं उपसा. तिथला पाण्याचा मार्ग तुंबला की पाणी पायाशी येतं. कार्पेटखाली हात घालून दर पंधरा दिवसांनी ओल बघा. प्लास्टिकचं कव्हर नको, त्याच्या आत गाडी घामेजते आणि सीटवर पांढरी बुरशी येते. छप्पर आणि मोकळा वारा पुरे. बॉनेटखाली उंदरांनी घर केलं की वायरिंग जातं, म्हणून आठवड्यातून एकदा उघडून पाहा. समुद्रकिनाऱ्यावरून आलात तर त्याच संध्याकाळी खालून गोड्या पाण्याचा पाइप मारा, कमानीच्या ओठाच्या आतून. आणि माडाखाली लावू नका. माझ्या बॉनेटवर अजून एक खळगा आहे, तो मी मुद्दाम ठेवलाय.